म्हातारीला वाचता येईल का?

सैपाक आटोपला असेल, नसेल तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. मी रिद्धपूरहून बोलते आहे.

आज पत्त्यांबद्दल बोलायचं आहे. पिसायचे, वाटायचे, त्या खेळाचे पत्ते नव्हेत. भविष्य पाहतात ते चित्रांचे पत्ते, टॅरो. तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ आपल्याकडे कुठून आलं? मोबाइलवरून आलं. माझ्या भाचीने तिथे पाहून एक संच ऑनलाइन मागवला आणि उन्हाळ्यात ती तो घेऊन माझ्याकडे राहायला आली. त्यातल्या एका पत्त्याने आमच्या गटातल्या एका बाईची दोन दिवस झोप उडवली. भाची माझी, पत्ते माझ्या घरात उघडले, म्हणून हे सांगणं माझ्यावरच येतं. त्या बाईला विचारूनच सांगते आहे.

त्या बाईची मुलगी बारावी झाली. तिला अमरावतीला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज आणलेला, भरायचा राहिलेला. बाई माझ्याकडे ताक न्यायला आली, भाचीचे पत्ते पाहिले आणि हसत म्हणाली, "माह्या पोरीचं काय होते, पाय बरं." भाचीने एक पत्ता काढला. काळा पत्ता. त्यावर चंदेरी रेघांनी काढलेलं एक वाळकं झाड, एक पान नाही, वर अर्धा चंद्र. खाली नाव नाही, फक्त तेरा हा आकडा, तोही रोमन अक्षरांत. पोरीने सोबतची इंग्रजी पुस्तिका उघडली, मोबाइलवर शब्दाचा अर्थ पाहिला आणि म्हणाली, "शेवट. मृत्यूचा पत्ता आहे हा."

बाई ताक न घेताच गेली.

आता मी टॅरो मानत नाही. पण मानत नाही म्हणून नुसतं हसून सोडलं असतं तर त्या बाईची भीती गेली नसती. म्हणून मी पत्ते हातात घेतले आणि आपण बाजारात लुगडं पाहतो तसे उलटेपालटे करून पाहिले. पोत कसा, रंग कसा, टिकेल का, आणि मुख्य म्हणजे, ज्याच्यासाठी केलं त्या कामाला येईल का?

आधी हे पत्ते आहेत काय ते सांगते. टॅरोचा जन्म उत्तर इटलीत, पंधराव्या शतकात झाला, आणि तो खेळायचा डाव म्हणून झाला. भविष्य सांगायला त्याचा सर्रास वापर सुरू झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं लोक यांनी नुसते खेळत होते. संचात ७८ पत्ते. २२ मोठे, त्यांना प्रत्येकाला नाव असतं: सूर्य, चंद्र, न्याय, मृत्यू असं. उरलेले ५६ आपल्या खेळाच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे: पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी.

आपल्याकडच्या दुकानांत आणि मोबाइलवर जो संच सगळ्यात जास्त दिसतो, तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट नावाच्या गृहस्थांची, छापणारे रायडर. म्हणून त्याला जगभर रायडर-वेट म्हणतात. पण चित्रं काढली एका बाईने, पामेला कोलमन स्मिथ हिने. सगळीच्या सगळी. मोबदला अगदी थोडा मिळाला. १९५१ साली ती वारली तेव्हा अंगावर कर्ज होतं. पत्ते जगभर खपत राहिले आणि तिचं नाव कित्येक वर्षं संचाच्या नावात आलंच नाही. चित्रांच्या कोपऱ्यात तिने आपली छोटी वळणदार सही तेवढी टाकून ठेवली होती.

या बाईने केलं काय? तोवर बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर नुसत्या वस्तू मांडलेल्या असत. सात नाण्यांचा पत्ता म्हणजे सात नाणी. त्याचा अर्थ पाठ असेल त्यालाच कळणार. पामेलाने प्रत्येक लहान पत्त्यावर माणसं आणली आणि त्यांना काहीतरी करायला लावलं. सात नाण्यांच्या पत्त्यावर एक शेतकरी आहे. अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभा. समोर झुडूप आणि त्याला फळांसारखी नाणी लागलेली. तो तोडत नाही, नुसता पाहतो आहे. हा पत्ता मी मोबाइलवर काढून आमच्या गटात दाखवला, तर एक बाई लगेच म्हणाली, "बाग पाऊन राह्यला. मनात हिशोब चालू हाय त्याचा." दुसरी म्हणाली, "व्यापारी येवाची वाट पायते." कोणाला पुस्तिका लागली नाही.

सहा तलवारींचा पत्ता दाखवला. एक माणूस नाव हाकतो आहे, नावेत पदर ओढून बसलेली बाई, शेजारी लेकरू. गटातली एक म्हणाली, "घर सोडून चालली." मग थोडं थांबून म्हणाली, "पण एकटी नाही." पत्त्याचा जो अर्थ सांगितला जातो तोही असाच काहीसा आहे: कठीण जागा सोडून पलीकडे जाणं.

तिचा तेरावा पत्ता, मृत्यूचा, त्यावर चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून येतो. राजा खाली पडला आहे. भीती वाटतेच. पण त्याच चित्रात मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य दिसतो आणि समोर एक लहान लेकरू न घाबरता घोड्याकडे पाहतं. म्हणजे चित्रातच दुसरी बाजू ठेवलेली आहे. टॅरो वाचणारे या पत्त्याचा अर्थ मरण असा घेत नाहीत, एक गोष्ट संपून दुसरी सुरू होणं असा घेतात. आमच्या भाचीच्या संचात सूर्यही नव्हता आणि लेकरूही नव्हतं. होतं ते फक्त काळं झाड.

मग मी भाचीचा संच शनिवारच्या बैठकीत नेला. हप्ते जमा झाल्यावर सतरंजीवर मांडला. तिच्या समोरच. आधीच सांगते, संच सुंदर आहे. रेघ अशी बारीक की वाटतं सुईने काढली. पण त्यात माणसंच नाहीत. पेल्यांच्या जागी शिंपले, तलवारींच्या जागी पिसं, काठ्यांच्या जागी मुळं, नाण्यांच्या जागी बिया. वेगळेपण म्हणून कल्पना चांगली आहे. आपल्याला शिंपल्यापेक्षा बी जवळची.

पण सतरंजीवर काय झालं ऐका. पिसं आणि मुळं दोन्ही काळ्यावर चंदेरी, दोन्हीला तशाच फुटलेल्या रेघा. दिवा लागणीच्या वेळी कोणते कोणते हे चाळिशी लावलेल्या दोघींनाही सांगता येईना. कागद चकचकीत, बल्बखाली धरला की चित्राऐवजी बल्बच दिसतो. पत्ता एवढा मोठा की बाईच्या हातात पिसता येत नाही. आकडे रोमन, ते आमच्यात एकीलाच येत होते. आणि प्रत्येक पत्त्याला पुस्तिका लागते, पुस्तिका इंग्रजी, म्हणजे पुस्तिकेला भाची लागते आणि भाचीला मोबाइल लागतो.

मग मी ते वाळकं झाड मधे ठेवलं. अर्थ सांगितला नाही, फक्त विचारलं, काय दिसतं?

एक म्हणाली, वीज पडली असंन. एक म्हणाली, डिंक्यानं गेलं झाड. आमच्याकडे संत्र्याचं झाड डिंक्याने जातं ते पाहिलेल्या बाईला हेच सुचणार. मुलीची आई खाली मान घालून बसली होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजीने पत्ता डोळ्यांजवळ नेला. आजी शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "काय व माय, हे तं ताणावर सोडलेलं झाड होय. पाणी तोडलं, पानं गयली. आता बहार येईन."

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. मोर्शी-वरुडकडे संत्र्याला बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात, झाड ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्याला वाटतं बाग गेली. मग पाणी दिलं की झाड फुलतं. तेच चित्र. आईने त्यात लेकीचा शेवट पाहिला आणि आजीने बहार पाहिला.

यावरून आजीचं खरं आणि भाचीचं खोटं, असं मी म्हणणार नाही. त्या पत्त्याला मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. चित्र मुकं होतं, म्हणून ज्याच्या हातात पुस्तिका त्याचा शब्द चालला. आईने स्वतःच्या डोळ्याने काही वाचलंच नव्हतं. तिला एक शब्द सांगितला गेला आणि तो तिने घरी नेला.

बायांनो, ही परीक्षा रिद्धपूरला नवी नाही. आपल्या गावची गोष्ट आहे आणि सातशे वर्षांपूर्वीची आहे. श्रीचक्रधर स्वामी मराठीत बोलले. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच, रिद्धपुरात, मराठीत लिहिलं. महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याचे धवळे इथेच रचले आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं. पुढे केशोबासांसारखे संस्कृत जाणणारे पंडित पंथात होते. त्यांना संस्कृतात लिहावंसं वाटलं, तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं. स्मृतिस्थळात ही हकिगत आहे. त्यांचं म्हणणं असं की संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील. विद्वानांना आवडेल का हे त्यांनी विचारलं नाही. म्हातारीचं काय होईल, हे विचारलं.

याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ आणि सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या हेही खरं. किल्ली माहीत असेल त्यालाच ती पोथी वाचता येई. म्हणजे लिहिणारा ठरवू शकतो, दार उघडं ठेवायचं की कुलूप लावायचं. कुलूप लावायला कधी कारण असतं. पण कुलूप लावलं की किल्लीवाला तयार होतो, हे विसरू नये.

आता कोणी म्हणेल, वेगळं काही करायचं म्हटलं की ते थोडं अवघड होणारच. मला ते पटत नाही. आपल्याच महाराष्ट्रात त्याचं उत्तर आहे, तिकडे कोकणात, सावंतवाडीला. तिथे गंजिफा होतात. पत्ते, पण गोल. हाताने रंगवलेले, वरून लाखेचा लेप. दशावतारी गंजिफात १२० पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते, एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. याहून वेगळा संच कोणता? तरी वाचायला बघा किती सोपा. मत्स्य अवताराच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. पाच मासे म्हणजे मत्स्याचा पंजा. अक्षरओळख नको, आकडाही नको, बोटाने मोजा. शिवाय प्रत्येक अवताराच्या पत्त्याची जमीन वेगळ्या रंगाची. रंग कळला नाही तर आकार आहे, आकार कळला नाही तर रंग आहे. आणि पत्ता गोल असल्यामुळे कोपऱ्यात नजर टाकून ओळखायचा प्रश्नच नाही, सगळं मधेच. खेळाच्या नियमातही गोष्ट पेरलेली: दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. राम भर दुपारी जन्मला, कृष्ण मध्यरात्री. हा नियम कोणी बाई विसरेल का?

ही कलाही मरायला टेकली होती. पुंडलिक चितारी नावाचे जुने कारागीर उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात ती पुन्हा उभी केली. आता गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इथे चितारी हे नाव लोकांना माहीत आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. पामेलाच्या वाट्याला ते तिच्या हयातीत आलं नाही.

तर चित्रांचा संच कसा पारखायचा, ते आता सांगते. भविष्याचे पत्ते असोत, आरोग्याच्या बैठकीतली चित्रं असोत, नाहीतर तुमच्या गटाने मसाल्याच्या पाकिटासाठी काढून घेतलेलं चित्र असो, परीक्षा एकच.

एक, सतरंजीवर ठेवून उभ्याने पाहा. ओळखू येतं का?

दोन, दिवसाउजेडी पाहा आणि मग रात्री बल्बखाली पाहा. मोतीबिंदू असलेल्या बाईच्या हातात देऊन पाहा.

तीन, रंग नाही असं समजा. नुसत्या आकारावरून दोन चित्रं वेगळी सांगता येतात का?

चार, चित्रात कोणी काही करतं आहे का? माणूस काम करताना दिसला की बघणारी आपलं आयुष्य त्यात घालून पाहते. नुसती खूण दिसली की ती विचारते, म्हणजे काय?

पाच, पुस्तिका आणि सांगणारा दोन्ही बाजूला ठेवा. चार बायांना वेगवेगळं विचारा. चौघींची उत्तरं थोडी वेगळी आली तरी चालेल. एकीलाही बोलता आलं नाही तर चित्र नापास.

आणि सहा, चित्र काढणाऱ्याचं नाव कुठे आहे का ते पाहा.

भाचीच्या संचाला मी देखणेपणात पैकीच्या पैकी दिले. वाचनात नापास केलं. ती आधी फुगली, मग म्हणाली, "मावशी, मी एकटी पाहते तेव्हा मला हे पत्ते आवडतात." मी म्हटलं, मग एकटी पाहा. पण दुसऱ्याच्या लेकीचा प्रश्न समोर असेल तर जिचा प्रश्न तिला दिसेल असंच चित्र मांड, आणि पहिला शब्द तिला बोलू दे.

तुम्हाला वाटेल, पत्त्यांसाठी एवढा कीस कशाला? तर फवारणीच्या डब्याकडे पाहा. त्यावर चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. किती जणींना माहीत होतं? हिरवा पाहिला की वाटतं, हे निर्धोक. निर्धोक नाही, त्यातही विषच आहे, बाकीच्यांपेक्षा कमी इतकंच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. त्याला कारणं पुष्कळ होती. पण डब्यावरची खूण निंदणाऱ्या, पाणी वाहून देणाऱ्या बाईला वाचता येत नसेल, तर ती खूण तिच्यासाठी नसल्यासारखीच. आज घरी गेल्यावर डबा पाहा आणि लेकरांनाही दाखवा.

आता त्या आईचं सांगते, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही. आजीचं बोलणं ऐकून ती हसली, पण आजीच्या बोलण्यावरही अर्ज भरू नको असंच मी तिला म्हटलं. वाळक्या झाडावर पोरीचं शिक्षण थांबवायचं नाही आणि बहाराच्या झाडावर पाठवायचंही नाही. आम्ही वहीचं कोरं पान घेतलं. फी किती, वसतिगृह मिळेल का, नाही मिळालं तर रोजची एसटी कोणती, मुलीला रक्त पाहून घेरी येते का, गटातून किती कर्ज उचलता येईल आणि हप्ता किती बसेल. एकेक ओळ लिहिली. लिहिता येत नव्हतं त्या बाजूला आईने स्वतःच्या खुणा केल्या: फीसमोर नाण्याचा गोल, बससमोर चाक, वसतिगृहासमोर घर. ते पान मी पाहिलं. चौघींनी वाचलं असतं असं पान होतं.

शेवटच्या दिवशी अर्ज गेला. यादी अजून लागायची आहे. नंबर लागेल की नाही ते मला माहीत नाही, आणि कोणत्याच पत्त्यालाही माहीत नाही.

आजीने मात्र तो काळा पत्ता भाचीकडून मागून घेतला आणि देवळीत ठेवला आहे. विचारलं, काहून आजी? म्हणाली, "झाड चांगलं काढलं व."

येते मी. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलू. राम राम, दंडवत.